सिस्टरांना पाच स्टार, रोस्टरला दोन: एका सर्जिकल वॉर्डचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते. सिस्टर, वॉर्डबॉय आणि फिजिओ या माणसांना पाचपैकी पाच, आणि रोस्टर, म्हणजे ड्यूटीचा तक्ता, बनवून रात्रपाळीला किती माणसं ठेवायची हे जे कोणी ठरवतं त्यांना दोन, आणि ते दोनही दिवसपाळी बरी होती म्हणून. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं त्या वॉर्डबद्दल लिहितेय. हॉस्पिटलचं नाव देत नाही, कारण हे दुखणं त्या एकाच हॉस्पिटलचं नाहीये, वॉर्डात सिस्टर कमी पडल्या की काय होतं यावर बऱ्याच देशांत रिसर्च झालाय. लॉबी, पार्किंग, रिसेप्शन वगैरेवर काहीच लिहिणार नाहीये, त्याचे रिव्ह्यू भरपूर असतात आणि त्यावरून पेशंटचं काय होणार हे काडीचंही कळत नाही.

दिवसाचं आधी. दिवसाची सिस्टर औषध द्यायला आली की दर वेळी आईच्या मनगटावरचा पट्टा वाचायची आणि तिलाच नाव विचारायची. आईला तोपर्यंत ती नावाने हाक मारत होती, तरीही विचारायचीच, आणि आई वैतागून "अगं ओळखतेस ना मला" म्हणाली तर ती शांतपणे म्हणाली, "ओळखते आजी, पण गोळी द्यायच्या आधी विचारायचंच असतं." मला हे फार आवडलं. प्रत्येक गोळी कशासाठी आहे, चक्कर आली तर काय करायचं, कुठल्या गोळीने पोट साफ होणार नाही, सगळं सांगायची. पाळी बदलताना दोन्ही सिस्टर कॉटपाशी येऊन आईसमोरच हँडओव्हर करायच्या, जाणारी येणारीला पेशंटची सगळी माहिती द्यायची, म्हणजे काही राहिलं तर आम्हीही मध्ये बोलू शकायचो. हँडओव्हर ही साधी गोष्ट वाटते पण नाहीये, २०१४ मध्ये लहान मुलांच्या ९ हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांवर झालेला एक अभ्यास आहे, त्यात हँडओव्हर ठराविक पद्धतीने करायला शिकवलं तर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्यासारखी इजा ३० टक्क्यांनी कमी झाली. नवीन मशीन नाही, नवीन औषध नाही, फक्त काय सांगायचं आणि कुठल्या क्रमाने सांगायचं एवढंच.

आता रात्र. दिवसा एका सिस्टरकडे सहा-सात पेशंट असायचे, रात्री तेच चौदाच्या आसपास जायचे. त्यात नुकतंच ऑपरेशन झालेले, भ्रमात जाऊन सलाईन ओढून काढणारे, बाथरूमला न्यावं लागणारे असे सगळे. सलाईनचा पंप संपला की टीं टीं वाजत राहतो, तो वाजत असताना पलीकडच्या कॉटची बेल वाजते, तेवढ्यात फोन येतो की थिएटरमधून पेशंट वर पाठवतोय, आणि सिस्टर एकच. मी तिला एका कॉटवरून दुसऱ्या कॉटकडे अक्षरशः पळताना पाहिलंय. पंप बंद करून ती पुढे जायची, "आलेच हं पाच मिनिटांत" म्हणायची आणि पाऊण तासाने येऊन आधी सॉरी म्हणायची. तिच्यावर चिडावं असं कणभरही वाटलं नाही, चीड येते ती चौदा पेशंट आणि एक सिस्टर हे गणित ज्याने कागदावर मांडून सही केली त्याची.

या गडबडीत नेमकं काय राहून जातं हे बघण्यासारखं आहे. औषध सहसा राहत नाही, कारण औषधावर सही करावी लागते. इंजेक्शनही सहसा राहत नाही. राहतं ते पेशंटला चालवणं, कुशीवर वळवणं, नीट जेवू घालणं, समजावून सांगणं, दोन मिनिटं बसून बोलणं. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या बिआट्रिस कॅलिश यांनी २००६ मध्ये नर्सेसशी बोलून हीच यादी मांडली होती, राहून गेलेली शुश्रूषा या विषयावरचं पुढचं बरंचसं काम तिथून सुरू झालं, आणि त्यांच्या यादीत चालवणं हे अगदी वरच आहे. खुब्याच्या पेशंटला तर चालवणं हेच अर्धं औषध. ब्रिटनमधल्या नाईस या संस्थेच्या गाइडलाइनमध्ये सरळ लिहिलंय की काही अडचण नसेल तर ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी उभं करून चालवायला सुरुवात करा. पडून राहिलं की छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला जखमा होतात, स्नायू तर बघता बघता जातात. फिजिओ सकाळी येऊन आईला वॉकर देऊन चार पावलं चालवून जायचा, "संध्याकाळी परत एकदा चालवा" असं फाइलवर लिहायचा, आणि संध्याकाळी ते व्हायचंच असं नाही. कारण एकटीने चालवलं तर पडायची भीती, दोघी लागतात, आणि दुसरी आणायची कुठून?

हे फक्त गैरसोयीपुरतं असतं तर रिव्ह्यू लिहायला बसलेच नसते. २००२ मध्ये नर्सिंगवर संशोधन करणाऱ्या लिंडा एकेन आणि त्यांच्या टीमने अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा, ऑपरेशन झालेल्या २ लाख ३२ हजारांवर पेशंटचा अभ्यास केला. एका नर्सकडे सरासरी एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पुढे २०१४ मध्ये युरोपातल्या ९ देशांतल्या ३०० हॉस्पिटलांचा अभ्यास आला आणि तिथेही आकडा ७ टक्केच. शिवाय शुश्रूषेतलं काम राहून जाण्याचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं की मृत्यूची शक्यता १६ टक्क्यांनी वाढलेली, हे २०१८ मध्ये त्याच युरोपच्या माहितीवरून मांडलं गेलं. हे अभ्यास निरीक्षणाचे आहेत, प्रयोग नव्हेत, म्हणजे कमी नर्स असलेल्या हॉस्पिटलमध्ये बाकीही काही कमी असू शकतं आणि संशोधकांनी त्याचा हिशोब लावायचा प्रयत्न केलाय, पण देश बदलले तरी बोट एकाच दिशेला दाखवतंय तर ते झटकून कसं टाकायचं? आणि कारणही समजण्यासारखं आहे, पेशंट बिघडायला लागतो तेव्हा आधी श्वास वाढतो, माणूस जरा गप्प होतो, किंवा उगाच काहीतरी बडबडतो, आणि हे कॉटजवळ येऊन बघणाऱ्यालाच दिसतं. बघायला यायलाच वेळ नसेल तर मॉनिटर बोंबलेपर्यंत उशीर झालेला असतो.

आता त्या फीडबॅक फॉर्मकडे येते, कारण याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. डिस्चार्जच्या वेळी हातात टॅब दिला, त्यावर हसरे-रडके चेहरे. स्टाफ हसतमुख होता का? खोली स्वच्छ होती का? आमच्या सेवेने आपण समाधानी आहात का? बस, झाला फॉर्म. बेल दाबल्यावर किती वेळाने कोणी आलं, औषधाचे दुष्परिणाम सांगितले का, घरी गेल्यावर काय करायचं ते कळलं का, यातलं काही नाही. अमेरिकेत सरकारने हॉस्पिटलांसाठी एकसारखा सर्व्हे केलाय, २००८ पासून त्याचे निकाल सगळ्यांना बघायला मिळतात, त्यात विचारतात की नर्सनी तुमचं नीट ऐकून घेतलं असं किती वेळा झालं, कधीच नाही, कधीकधी, बहुतेक वेळा की नेहमी. बेल दाबल्यावर मदत मिळण्याचा प्रश्नही त्यात कितीतरी वर्षं होता. म्हणजे काय घडलं ते विचारतात, तुम्हाला कसं वाटलं एवढ्यावरच थांबत नाहीत. हा फरक मोठा आहे. २०१३ मध्ये ५५ अभ्यास एकत्र बघितले गेले तेव्हा पेशंटचा अनुभव चांगला असतो तिथे सुरक्षितता आणि उपचारांचा परिणामही चांगला असतो असं दिसलं. उलट नुसत्या समाधानाचं बघा, २०१२ चा अमेरिकेतल्या जवळपास ५२ हजार लोकांचा अभ्यास आहे, त्यात डॉक्टरांवर सगळ्यात खूश असलेल्या गटात खर्चही जास्त आणि मृत्यूचा धोकाही जास्त निघाला होता. खूश झाल्याने माणूस मरतो असा याचा अर्थ कोणी काढू नये, पण हसऱ्या चेहऱ्यांची टक्केवारी भिंतीवर लावून दर्जा सिद्ध होत नाही एवढं तर नक्की. आणि वाईट म्हणजे चेहरा कुठलाही निवडा, त्याचं खापर फुटतं सिस्टरवरच. रोस्टर बनवणाऱ्यासाठी फॉर्मवर चेहराच नाहीये.

स्टाफरूमच्या बाहेर ताणतणाव कसा हाताळावा या वर्कशॉपचं पोस्टर होतं, श्वासाचे व्यायाम वगैरे. व्यायाम चांगलेच आहेत, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत बर्नआउट, म्हणजे कामाने पार थकून जाणं, हा आजार म्हणून नाही तर कामाशी संबंधित स्थिती म्हणून नोंदलाय, कामाच्या ठिकाणचा सततचा ताण नीट हाताळला न गेल्याने येणारी. मग उपायही कामाच्या ठिकाणीच करायला नको का? २०२४ मध्ये ३२ देशांतल्या २ लाख ८८ हजारांवर नर्सेसचे ८५ अभ्यास एकत्र करून पाहिले तर जिथे बर्नआउट जास्त तिथे औषधांच्या चुका, इन्फेक्शन, पेशंट पडणं हेही जास्त आणि पेशंटचं समाधान कमी. म्हणजे सिस्टर थकली तर तो तिचा खाजगी प्रश्न राहत नाही, तो माझ्या आईच्या कॉटपर्यंत येतो.

परवडत नाही हे उत्तर लगेच येतं. त्यावर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचं उदाहरण वाचावं. तिथे २०१६ मध्ये कायद्याने ठरवलं की ठराविक सरकारी हॉस्पिटलांच्या वॉर्डात एका नर्समागे दिवसा सरासरी ४ आणि रात्री ७ पेशंट, त्याहून जास्त नाही. २०२१ च्या अभ्यासात निघालं की पुन्हा अ‍ॅडमिट होणं कमी झाल्याने आणि मुक्काम आखडल्याने जे पैसे वाचले ते जादा नर्सेसच्या खर्चाच्या दुपटीहून जास्त होते. रात्री ७! आमच्या वॉर्डात त्याच्या दुप्पट. नर्सेस मिळतच नाहीत हे मात्र खोटं नाही, २०२५ च्या जागतिक अहवालानुसार जगात २ कोटी ९८ लाख नर्सेस आहेत आणि २०२३ मध्ये ५८ लाखांची कमतरता होती. पण ज्या आहेत त्या टिकायला हव्यात ना? रोज रात्री चौदा पेशंट दिले तर त्या नोकरी सोडतात, मग उरलेल्यांकडे सोळा होतात, हे चक्र मनुष्यबळाच्या टंचाईने सुरू झालं असेल पण फिरतं रोस्टरमुळेच.

डिस्चार्ज मात्र उत्तम झाला, तो दिवसा झाला म्हणूनच असेल. सिस्टरने सगळं सांगितलं आणि मग आईलाच म्हणाली, "आता तुम्ही मला सांगा, जिना कसा चढायचा, कुठला पाय आधी?" आईने उलटं सांगितलं, तिने परत समजावलं, परत विचारलं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. कागदावर छापून दिलं असतं तर आम्ही तो फाइलमध्ये घालून विसरलो असतो.

परत इथेच आणाल का असं कोणी विचारलं तर हो, ऑपरेशनसाठी आणि दिवसाच्या शुश्रूषेसाठी हो, पण पहिल्या काही रात्री घरचं कोणीतरी थांबू देतात का ते आधी विचारेन. तुम्ही कुठल्याही हॉस्पिटलमध्ये जात असाल तर अ‍ॅडमिशनच्या वेळीच विचारा की रात्री या वॉर्डात एका सिस्टरकडे किती पेशंट असतात, आकडा सांगायला टाळाटाळ केली तर तेही लक्षात ठेवा. मी फॉर्मच्या शेवटी सूचनेच्या रकान्यात सिस्टरांचं मनापासून कौतुक लिहिलंय आणि त्याखाली रात्रीच्या माणसांची संख्या वाढवा असंही लिहिलंय, शिवाय हेच वेगळ्या पत्रात मेडिकल सुपरिटेंडेंटकडे दिलंय आणि त्याची पोच घेतलीये. उत्तर आलं तर या रिव्ह्यूत भर घालेन.