क्रिस्टलडिस्कइन्फो : काही महिने वापरल्यानंतर

घरच्या डेस्कटॉपमध्ये दोन हार्ड डिस्क आहेत आणि गेल्या काही महिन्यांत दोन्हींनी पाळीपाळीनं त्रास दिला. लक्षणं सारखीच. मोठी फाइल कॉपी करताना मध्येच सगळं अडकायचं, कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा लुकलुकायचा थांबून सलग पेटलेला राहायचा, आणि अर्ध्याएक मिनिटानं कॉपी आपोआप पुढे सरकायची. दुखणी मात्र अगदी वेगळी निघाली. एकीची केबल बदलून भागलं, दुसरी काढूनच टाकावी लागली. हा फरक वेळेत कळला तो क्रिस्टलडिस्कइन्फोमुळे, म्हणून हा सविस्तर अनुभव.

सॉफ्टवेअर फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि विंडोजवर चालतं. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या नोंदी ठेवते (यालाच स्मार्ट म्हणतात), त्या वाचून दाखवणं एवढंच त्याचं काम. ते डिस्क दुरुस्त करत नाही, पृष्ठभाग तपासत नाही. वर एक रंगीत चौकोन असतो: निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे खराब. बहुतेक जण तो चौकोन बघून खिडकी बंद करतात. खरी माहिती खालच्या तक्त्यात असते.

तक्ता उघडल्यावर पहिली अडचण येते ती आकड्यांची. शेवटच्या रकान्यातले ‘रॉ’ (कच्चे) आकडे हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या पद्धतीत असतात, त्यामुळे तिथे ०००००००००१० दिसलं तर ते दहा नसून सोळा असतं. फंक्शन मेनूत ॲडव्हान्स्ड फीचरमध्ये रॉ व्हॅल्यूज आहे, तिथे दशमान पद्धत निवडून टाका. हे सुरुवातीपासूनच दशमानात असायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे, कारण घरी वापरणाऱ्याला हेक्स वाचायची सवय नसते. आणखी एक: काही कंपन्यांच्या डिस्कमध्ये ०१ (वाचण्यातल्या चुका) आणि ०७ (जागा शोधण्यातल्या चुका) या ओळींत कोटींच्या घरातले आकडे दिसतात. घाबरू नका. त्यात एकूण किती वेळा वाचलं-शोधलं ही मोजणीही मिसळलेली असते.

आता पहिली डिस्क. चौकोन निळा, ‘गुड’ लिहिलेलं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजनं टिपलेल्या घटना-त्रुटींची यादी) मात्र ‘डिस्क’ या सोर्सखाली १५३ क्रमांकाच्या नोंदींची रांग लागलेली, म्हणजे वाचायचं-लिहायचं काम पुन्हापुन्हा करावं लागत होतं. तक्त्यात ०५, सी५, सी६ या खराब सेक्टरच्या (सेक्टर म्हणजे डेटा साठवण्याचा डिस्कवरचा छोटा तुकडा) तिन्ही ओळी शून्य होत्या, पण सी७ वाढलेला होता. सी७ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजणी. कॉपी चालू ठेवून तक्ता रिफ्रेश करत बसलो, तर प्रत्येक अडकण्यानंतर आकडा वर. पीसी बंद करून साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) बदलली आणि प्रकार तिथेच थांबला. सी७चा जुना आकडा पुसला जात नाही, तो आयुष्यभर तसाच दिसणार. केबल बदलल्यावर तो वाढत नाही ना, एवढंच बघायचं.

दुसऱ्या डिस्कचा चौकोन पिवळा झाला तेव्हा सी५मध्ये ८ होते. सी५ म्हणजे वाचता न आलेले, निर्णय बाकी असलेले सेक्टर. त्या जागी नव्यानं काही लिहिलं गेलं आणि ते नीट बसलं तर आकडा कमी होतो, नाहीतर डिस्क राखीव सेक्टर वापरते आणि ०५ वाढतो. आठ ऐकून आठ ठिकाणी बिघाड समजू नका. आतला सेक्टर ४०९६ बाइटचा आणि मोजणी ५१२ बाइटच्या तुकड्यांत, असं असलं की बऱ्याच डिस्कमध्ये एका बिघाडाचे आठ मोजले जातात. त्यामुळे एकदाच दिसून स्थिर राहिलेल्या आठवर मी डिस्क बाद केली नसती. पण इथे पुढच्या काही दिवसांत सी५ चढत गेला, ०५ही हलला, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये क्रमांक ७ची ‘बॅड ब्लॉक’ नोंद आली.

अशा वेळी आधी डेटा बाहेर काढायचा. चेकडिस्कची (विंडोजमधलं डिस्क तपासायचं साधन) ‘/आर’ कमांड लगेच चालवा असा सल्ला जिकडेतिकडे मिळतो आणि तो मला धोक्याचा वाटतो. ती सगळी डिस्क वाचून काढते, शिवाय दुरुस्तीचं लिखाण त्याच आजारी डिस्कवर करते. मी महत्त्वाचे फोल्डर साध्या कॉपीनं हलवले. जिथे कॉपी अडली त्यासाठी लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून पीसी थेट सुरू होतो) जीएनयू डीडीरेस्क्यू हे बिघडलेल्या डिस्कवरून डेटा उचलणारं साधन वापरलं. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं, अवघड जागा शेवटी घेतं, आणि मॅप फाइल (कुठवर काम झालं याची नोंद) दिली असेल तर मध्येच थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करता येतं. चेकडिस्क नंतर नव्या डिस्कवरच्या प्रतीवर चालवलं. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नका, वीज बंद करा.

मर्यादाही सांगतो. काही यूएसबी केसमध्ये टाकलेल्या डिस्कच्या नोंदी दिसतच नाहीत, कारण मधली चिप त्या पुढे पाठवत नाही. आणि निळा चौकोन ही हमी नव्हे. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या चार ठळक मोजण्यांत काहीच इशारा दिला नव्हता. त्याच अभ्यासात पहिला स्कॅन एरर (डिस्कनं स्वतःचा पृष्ठभाग तपासताना सापडलेली चूक) आल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता ३९ पट जास्त आढळली होती. म्हणून इशारा मिळाला तर मी लगेच हलतो, आणि मिळाला नाही तरी बॅकअप चुकवत नाही.

सध्या क्रिस्टलडिस्कइन्फो विंडोजबरोबर सुरू होऊन ट्रेमध्ये (घड्याळाशेजारी) तापमान दाखवत बसतं. त्याचा भार जाणवत नाही. केबल बदललेली डिस्क रोज वापरात आहे, सी७ होता तिथेच आहे.