फू हायफंगचे जुने सामने यूट्यूबवर: रविवार वसूल

ऑलिम्पिकच्या चॅनलवर २०१६ ची रिओची बॅडमिंटनची मेन्स डबल्स फायनल फुकटात बघायला मिळते, म्हटलं एक गेम बघू आणि झोपू, पण कसलं काय! चीनचे फू हायफंग आणि झांग नान पहिला गेम १६-२१ हरले, दुसरा २१-११ मारला आणि तिसरा २३-२१, समोर मलेशियाचे गोह आणि टॅन, शेवटी मी अक्षरशः पलंगावर उभा.

फू म्हणजे मागून तोफ डागणारा गडी, २००५ मध्ये त्याचा स्मॅश ताशी ३३२ किमी मोजला होता. पुढे नेटजवळ त्याचा आधीचा पार्टनर काय युन असायचा, तो समोरच्यांना शटल उचलायला लावायचा आणि मागून हा धडाम. दोघांनी चार वर्ल्ड टायटल्स घेतली, त्यातलं २००९ चं तर आपल्या हैदराबादमध्ये. २००८ ला घरच्या बीजिंगमध्ये फायनल हरले आणि २०१२ ला लंडनमध्ये गोल्ड काढलं, मग पार्टनर बदलून परत गोल्ड, हे मला सगळ्यात भारी वाटतं.

एकच खोट, मागच्या उंच कॅमेऱ्यातून स्मॅशचा खरा वेग कळतच नाही राव. पाचपैकी साडेचार.