कुत्र्याचा मूतखडा: आहाराने विरघळवायचा की ऑपरेशन करायचं?

आधी एक गोष्ट पक्की करा: खडा कोणत्या प्रकारचा आहे? निवड बरीचशी तिथेच ठरते.

स्ट्रुव्हाइट खडे विरघळतात. कुत्र्यांत ते बहुतेकदा जंतुसंसर्गामुळे होतात, म्हणून पशुवैद्यांनी दिलेल्या खास आहाराबरोबर अँटिबायोटिकही लागतं. चिरफाड नाही, भूल नाही. पण काही आठवडे धीर धरावा लागतो, आणि अधूनमधून एक्स-रे व लघवीची तपासणी करावी लागते. खरी परीक्षा घरच्यांची! त्या आहाराशिवाय बाकी काहीच द्यायचं नाही. आजीने टेबलाखालून सरकवलेलं बिस्किटसुद्धा नाही. या आहारात बऱ्याचदा चरबी जास्त असते, त्यामुळे स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्या कुत्र्याला तो सहसा देत नाहीत.

कॅल्शियम ऑक्सलेटचे खडे मात्र कोणत्याही आहाराने विरघळत नाहीत. फार लहान असतील तर भूल देऊन मूत्राशयातून बाहेर ढकलता येतात, नाहीतर ऑपरेशन. त्यात खडे लगेच निघतात आणि प्रयोगशाळेत तपासून त्यांचा प्रकार नक्की कळतो. टाके असेपर्यंत दीड-दोन आठवडे उड्या बंद. ऑपरेशननंतरचा एक्स-रे टाळू नका, एखादा खडा मागे राहू शकतो.

माझा कल? स्ट्रुव्हाइटची दाट शक्यता असेल आणि लघवी मोकळी होत असेल, तर आधी आहार. नर कुत्र्याची मूत्रनलिका अरुंद असते, खडा अडकतो. तो कुंथतोय आणि थेंबही येत नाही, तर तुलना बाजूला ठेवा आणि त्याच तासाला दवाखाना गाठा.

पाणी भरपूर पाजणं दोन्हीकडे आलंच.