जुना गोल्फ सेट ठेवावा की नवा घ्यावा? एकेका क्लबाचा हिशेब

पंधरा-वीस हॅन्डिकॅप (ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा), आठवड्याला एखादा राउंड, बॅगेत दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला सेट आणि समोर दुकानात दीड-दोन लाखांचा नवा कोरा सेट. पुण्या-मुंबईत शनिवार-रविवारी खेळणाऱ्या बऱ्याच जणांपुढे हा प्रश्न असतो. त्याला हो किंवा नाही असं सरसकट उत्तर देता येत नाही, कारण बॅगेतले सगळे क्लब एकाच दिवशी घेतलेले असले तरी सगळे एकाच गतीने जुने होत नाहीत. ड्रायव्हर (पहिल्या लांब फटक्याचा क्लब) मागे पडतो तो तंत्रामुळे, वेज (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब) जातो झिजेमुळे, ग्रिप (हातात धरायची मूठ) जाते घामामुळे आणि पटर (होलभोवतीच्या हिरवळीवर, म्हणजे ग्रीनवर वापरायचा क्लब) सहसा जातच नाही. म्हणून मी इथे सेटसमोर सेट ठेवलेला नाही, एकेक क्लब समोरासमोर ठेवला आहे.

ड्रायव्हर

सगळ्यात जास्त जाहिरात ड्रायव्हरची होते, त्यामुळे आधी नियम माहीत असलेला बरा. ड्रायव्हरचं डोकं ४६० घन सेंटिमीटरपेक्षा मोठं असू शकत नाही. चेहऱ्याची, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूची, उसळी किती असावी यालाही मर्यादा आहे. एक छोटा धातूचा लंबक चेहऱ्यावर आदळवून तो किती वेळ टेकून राहतो ते मोजतात. ही मर्यादा २३९ मायक्रोसेकंद, वर १८ची सूट. कंपन्या या रेषेपाशी २०००च्या दशकातच पोचल्या होत्या. याचा सरळ अर्थ असा, की चेंडू चेहऱ्याच्या बरोबर मध्यावर लागला तर २०१३चा चांगला ड्रायव्हर आणि यंदाचा ड्रायव्हर यांत अंतराचा फरक नगण्य असतो. ‘दहा यार्ड जास्त’ हे दर वर्षी खरं असतं तर आज आपण सगळेच साडेतीनशे यार्ड मारत असतो.

मग नव्यात सुधारलं काय? मध्यावर न लागलेला फटका. डोक्याचं वजन जितकं कडेला आणि मागे नेता येईल तितकं ते चुकीच्या फटक्यात कमी पिरगळतं. या गुणालाही टाच (शाफ्टकडची, म्हणजे दांड्याकडची बाजू) ते टोक या दिशेत ५९०० ग्रॅम-वर्ग सेंटिमीटरची कमाल मर्यादा आहे, आणि आजचे सर्वांत स्थिर ड्रायव्हर तिला जवळजवळ टेकलेले आहेत. २०२४ साली टेलरमेडचा क्यूआय-१० मॅक्स आणि पिंगचा जी-४३० मॅक्स १०के ‘दहा हजार’चा गाजावाजा करत बाजारात आले. तो आकडा आडव्या आणि उभ्या अशा दोन दिशांच्या मापांची बेरीज आहे, हे दुकानदार क्वचितच सांगतो. तरीही हे ड्रायव्हर टोकाला किंवा टाचेला लागलेल्या फटक्यात खरोखरच मदत करतात. चेंडू फेअरवे (कापलेल्या गवताचा मधला पट्टा) सोडतो, पण शेजारच्या होलवर जात नाही.

म्हणून विकत घेण्याआधी आपले फटके नेमके कुठे लागतात ते पाहावं. त्यासाठी व्हाइटबोर्डचा साधा मार्कर पुरतो. रेंजवर चेंडूच्या मागच्या बाजूला मोठा ठिपका काढायचा, तो ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे करून चेंडू टीवर (छोट्या खुंटीवर) ठेवायचा आणि मारायचं. शाईचा डाग चेहऱ्यावर उमटतो. पुसायचा नाही, दहा-बारा चेंडू मारून झाले की चेहऱ्याकडे बघायचं. डाग रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत गोळा झाले असतील तर नव्या ड्रायव्हरवरचे पन्नास-साठ हजार वाचले म्हणून समजा. डाग चेहराभर पसरले असतील तर नव्या पिढीचा स्थिर ड्रायव्हर तुमच्यासाठीच आहे. आणि सगळे डाग एकाच कोपऱ्यात असतील, समजा टाचेकडे, तर दोष बहुधा शाफ्टच्या लांबीत किंवा उभं राहण्यात आहे. तो नव्या डोक्याने जाणार नाही.

वयाचा माझा ढोबळ हिशेब असा: ड्रायव्हर २००८च्या आधीचा असेल तर बदलावा, त्यानंतर डोकी इतकी सुधारली आहेत की फरक पहिल्याच राउंडला कळेल. शिवाय अगदी जुन्या काही मॉडेल्सची उसळी आजच्या मर्यादेबाहेर आहे, ती स्पर्धेत चालत नाहीत. २०१५च्या पुढचा असेल तर घाई नको. मधल्या काळातला असेल तर मार्करचा कौल घ्यावा. एक गोष्ट मात्र वय न बघता तपासावी, ती म्हणजे लॉफ्ट, चेहऱ्याचा मागे कललेला कोन. ताशी ८५ मैलांच्या स्विंगला ९ अंशांचा ड्रायव्हर दिला तर चेंडू वर चढतच नाही. अशा खेळाडूला ११-१२ अंश हवेत. गेल्या दशकातल्या बहुतेक ड्रायव्हरना मानेपाशी, म्हणजे डोकं आणि शाफ्ट जुळतात तिथे, लॉफ्ट बदलायची सोय असते. ती तुमच्या ड्रायव्हरला असेल तर आधी पाना हातात घ्या, पाकीट नंतर.

आयर्न

आयर्न म्हणजे ग्रीनकडे मारायचे नंबरवार क्लब; नंबर जितका मोठा तितका लॉफ्ट जास्त आणि अंतर कमी. या खरेदीत फसवणूक म्हणता येणार नाही, पण दिशाभूल मात्र होते. दुकानातल्या जाळीत तुम्ही नवा सेव्हन आयर्न मारता, स्क्रीनवर आकडा येतो, आणि तो तुमच्या सेव्हनपेक्षा पंधरा यार्डांनी जास्त असतो. मन विरघळतं. आता दोन्ही क्लबांचे लॉफ्ट शेजारी मांडा. १९८०-९०च्या काळात सेव्हन आयर्न साधारण ३४ ते ३६ अंशांचा असे. आजच्या सोप्या, म्हणजे हौशी खेळाडूसाठी बनवलेल्या सेटमधला सेव्हन २८ ते ३० अंशांचा असतो, काही त्याहूनही ताठ, म्हणजे कमी लॉफ्टचे. शाफ्टही अर्धा इंच लांब. म्हणजे तुमच्या हातात जुना पाच किंवा सहा नंबर आहे, तळाला फक्त सात कोरलेला आहे. म्हणून नवा सेव्हन आपल्या सहाशी किंवा पाचशी लावून पाहावा. लॉफ्ट सारखे करून झालेली तुलना हीच खरी तुलना. तिच्यात नवा पाच-सात यार्डांनी पुढे आणि जरा उंच गेला तर ते यश नव्या क्लबाचं.

तेवढं यश तो मिळवतोही. पातळ चेहरा आणि तळाशी नेलेलं वजन यांमुळे कमी लॉफ्टचा क्लबही चेंडू उंच उचलतो, आणि चेहऱ्यावर खाली लागलेला फटका (आपल्यापैकी बहुतेकांचा लागतो तसा) पूर्वीइतका मरत नाही. प्रश्न ग्रीनवर उतरण्याचा आहे. चेंडू लांब गेला पण सपाट उतरला, तर एप्रिल-मेच्या कडक ग्रीनवरून तो मागच्या रफमध्ये (लांब गवतात) जाणार. म्हणून स्क्रीनवर फक्त अंतर वाचू नका, उतरण्याचा कोनही वाचा. सेव्हनसाठी तो ४५ अंशांच्या आसपास हवा.

ताठ लॉफ्टचा आणखी एक परिणाम खिशावर होतो. जुन्या सेटचा पिचिंग वेज ४७-४८ अंशांचा, सँड वेज ५६चा, मध्ये आठ-नऊ अंशांचं अंतर. नव्या सेटचा पिचिंग वेज ४३ अंशांचा असेल तर मध्ये तेरा अंशांची दरी पडते आणि शंभर यार्डांच्या आतबाहेर तुमच्याकडे कुठलाच पूर्ण फटका उरत नाही. मग ४८-५०चा एक गॅप वेज घ्यावा लागतो. बॅगेत चौदापेक्षा जास्त क्लब चालत नाहीत, त्यामुळे वरून एखादा काढावाही लागतो. सेटची किंमत विचाराल तेव्हा या वेजची किंमत त्यात धरा.

तुमचे आयर्न बारीक चेहऱ्याचे, पाठ भरीव असलेले ब्लेड असतील आणि हॅन्डिकॅप दोन आकडी असेल, तर बदला, त्यात दुमत नाही. पण कॅव्हिटी बॅक (पाठ पोकळ, वजन कडेला असलेले) असतील तर सबुरी. कडेला वजन नेण्याची कल्पना कार्स्टन सॉल्हाइम यांनी १९६०च्या दशकापासून पिंगमध्ये रुजवली. २०१०चा चांगला कॅव्हिटी बॅक सेट आजही भरपूर क्षमाशील आहे. अशा सेटमध्ये बहुतेकदा क्लबाच्या डोक्यापेक्षा शाफ्ट आडवा येतो. सेकंडहँड बाजारातून घेतलेल्या जुन्या सेटमध्ये १२०-१३० ग्रॅमचे ताठ स्टील शाफ्ट सर्रास असतात. पन्नाशीपुढच्या खेळाडूला तेराव्या होलपासून ते जाणवायला लागतात. ६०-८० ग्रॅमचा ग्राफाइट किंवा ९५ ग्रॅमचं हलकं स्टील यांनी जो फरक पडतो, तो डोक्याच्या नव्या मॉडेलने पडणाऱ्या फरकाहून मला मोठा वाटतो.

आणि तीन-चार नंबरचे आयर्न अजून बॅगेत असतील तर ते काढून एक हायब्रिड (आयर्न आणि ड्रायव्हरसारख्या वुड यांच्या मधला क्लब) घ्या. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हौशी खेळाडूला मिळालेली सर्वांत उपयोगी गोष्ट मी हायब्रिडलाच म्हणेन. पूर्ण सेटच्या दहाव्या-पंधराव्या हिश्शात, सेकंडहँड घेतला तर त्याहूनही कमी पैशांत, दोनशे यार्डांचा फटका हवेतून जायला लागतो.

वेज

वेजच्या बाबतीत माझं मत थेट आहे: झिजला की नवा घ्या, आणि झिजेकडे दुर्लक्ष करू नका. चेहऱ्यावरच्या खोबणींचं काम चेंडू आणि चेहरा यांच्यामधलं पाणी आणि गवताचा रस बाहेर काढणं हे आहे. पावसाळ्यानंतर हरळीचा रफ दाट होतो, सकाळी त्यावर दव असतं, आणि बोथट खोबणीचा वेज तिथे चेंडूला पकडूच शकत नाही. चेंडू स्पिन न घेता उडतो आणि ग्रीनच्या पलीकडे जातो. नख खोबणीच्या कडेवर आडवं फिरवून बघा. अडकलं तर ठीक, सुळकन सरकलं तर वेज संपला. बंकरमध्ये सराव करणाऱ्यांचे वेज वाळूने लवकर जातात. व्यावसायिक खेळाडू वर्षातून अनेकदा वेज बदलतात ते यासाठीच.

इथेही नव्याचं कौतुक मात्र बेतानेच. २०१०पासून खोबणींच्या कडांवर आणि आकारावर कडक मर्यादा आल्या. त्यामुळे नवा वेज चांगला ठरतो तो त्याच्या कडा शाबूत असतात म्हणून. तंत्राने खोबणीच्या चाव्यात जुन्यापेक्षा फारशी भर घातलेली नाही. नवा घेताना मॉडेलच्या नावापेक्षा तळाचा बाउन्स (तळ पुढच्या कडेपेक्षा किती खाली उतरतो तो कोन) बघा. मुंबईत चेंबूरसारख्या ठिकाणी जुलै-ऑगस्टमध्ये जमीन मऊ असते, तिथे १२-१४ अंशांचा बाउन्स क्लबाला रुतू देत नाही. दख्खनच्या उन्हाळ्यात जमीन कडक होते, तिथे तोच वेज आपटून वर उसळतो आणि चेंडूच्या पोटात लागतो. तिथे ८च्या आसपासचा बरा. दोन वेज ठेवत असाल तर एक असा आणि एक तसा ठेवावा.

पटर

नव्याची गरज नाही. पिंगचा अ‍ॅन्सर १९६६ सालचा आहे आणि त्याच आकाराचे पटर आजही सगळ्या कंपन्या विकतात. टायगर वूड्सने आपल्या पंधरापैकी चौदा मेजर (सर्वांत मोठ्या स्पर्धा) एकाच स्कॉटी कॅमरन पटरने जिंकली. तुमचा पटर उंचीला जुळत असेल आणि मान खाली घातल्यावर डोळ्यांना सरळ दिसत असेल तर तो ठेवा. टोकाला-टाचेला फार लागत असेल तर मोठ्या डोक्याचा मॅलेट करून बघायला हरकत नाही, तोही जुना चालेल.

ग्रिप

सगळ्यात आधी खर्च इथे करावा. रबर ऊन, घाम आणि दमटपणा यांनी कडक आणि गुळगुळीत होतं. मुंबईच्या हवेत, आणि गाडीच्या डिकीत बॅग ठेवणाऱ्यांचं तर वर्षभरातच. ग्रिप निसटते म्हणून आपण नकळत मूठ आवळतो, हात ताठतात आणि त्याचं खापर क्लबावर फुटतं. पूर्ण सेटच्या ग्रिपा साधारण दहा-पंधरा हजारांत बदलून होतात, म्हणजे एका नव्या वेजच्या किमतीत. त्या बदलून महिनाभर खेळा आणि मगच नव्या सेटचा विचार करा. बऱ्याच जणांचा विचार त्या महिन्यात बदलतो.

घ्यायचंच ठरलं तर

टेलरमेड आणि कॅलवे जवळजवळ दर वर्षी नवी मालिका आणतात, पिंग आणि टायटलिस्ट साधारण दोन वर्षांनी. नवी आली की आधीची उतरते. दोन पिढ्या जुना, न वापरलेला ड्रायव्हर ही माझ्या मते सर्वांत शहाणी खरेदी आहे: गुण जवळजवळ तेच, किंमत बरीच कमी. अमेरिकेतल्या भावा-बहिणीकडून मागवायचा विचार असेल तर सामानाच्या करमुक्त मर्यादेत बसतो का, आणि वॉरंटी इथे चालते का, हे दोन्ही आधी विचारून घ्या. ऑनलाइन खूपच स्वस्त मिळणाऱ्या नामांकित सेटपासून दूर राहा. गोल्फमध्ये नकली माल भरपूर आहे, आणि मानेवरचा अनुक्रमांक कंपनीकडे पडताळल्याशिवाय तो ओळखता येत नाही.

फिटिंगला (आपल्या मापाचे क्लब निवडायला) स्वतःचा सेट घेऊन जा. त्याच दिवशी, त्याच चेंडूने, आधी तुमचा क्लब आणि मग नवा. पुण्यात काढलेला आकडा मुंबईतल्या आकड्याशी ताडू नका. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, विरळ हवेत चेंडू सुमारे दोन टक्के लांब जातो, म्हणजे दोनशे यार्डांमागे चार. फिटरने दहा मिनिटांत नवं मॉडेल हातात दिलं, पण तुमच्या आयर्नचा लाय कोन (शाफ्ट जमिनीशी करतो तो) मोजला नाही, तर दुसरा फिटर शोधा. तो कोन एक-दोन अंश वाकवून घेतला की डावीकडे जाणारा चेंडू कधी कधी सरळ होतो, आणि खर्च सेटच्या तुलनेत काहीच नाही.

जुन्या सेटला परतीची किंमत फार येत नाही, म्हणून ती हिशेबात धरू नका. नव्याने खेळू लागलेल्या मोठ्या माणसाला किंवा तुमच्या कॅडीला (बॅग वाहणाऱ्या मदतनीसाला) तो सेट चांगला चालतो. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक अली शेर हे कॅडी म्हणूनच कोर्सवर आले होते. पण घरातल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी तेच क्लब कापून देऊ नका. शाफ्ट छोटा होतो पण डोकं आणि स्टील तेवढंच जड राहतं, कापलेला शाफ्ट आणखी ताठ होतो, आणि मूल ते वजन फिरवण्यासाठी अंग मोडत स्विंग करायला शिकतं. त्याच्यासाठी हलके ज्युनिअर क्लब, सुरुवातीला चार-पाचच, वेगळे घ्या.