डब्ल्यूएचओ सूत्राचं ओआरएस: पुडीची मागची बाजू वाचून घ्या

केमिस्टकडची ही साधी पुडी जुलाबावर आमची पहिली पसंती. मागचा मजकूर मात्र तपासा: एका लिटरसाठी मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, सोडियम सायट्रेट २.९, ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) २४५ मिलिऑस्मोल.

ग्लुकोज इथे चवीसाठी नाही. लहान आतड्याच्या पेशीवरचं एसजीएलटी-१ हे वाहक प्रथिन एका ग्लुकोजसोबत दोन सोडियम आत घेतं आणि त्यांच्यामागून पाणी शिरतं. हे दार चालतं ते पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला बसलेल्या विकरामुळे, सोडियम-पोटॅशियम एटीपेजमुळे. एका एटीपीमागे (पेशीला ऊर्जा देणारा रेणू) ते तीन सोडियम बाहेर काढतं, दोन पोटॅशियम आत आणतं. त्यामुळे पेशीत सोडियम कमीच राहतं आणि नवं आत ओढलं जातं. कॉलऱ्यातही ही वाट शाबूत असते, म्हणून ही पुडी इतकी मोलाची.

चूक होते ती पाण्यात. लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवली की द्रावण दाट होतं, शरीरातलंच पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. वरून साखर घातली तरी तेच. उकळून गार केलेलं पाणी मोजून घ्या, घोटघोट पाजा, २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. चव खारट, मुलं तोंड फिरवतात. तरी टेट्रापॅकमधलं गोड पेय हा पर्याय नव्हे.