खाऱ्या टाकीतलं शेवाळ आणि डीआय रेझिन: आठ महिने वापरून

ऑक्टोबरात खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीसाठी घरच्या पिण्याच्या आरओच्या पुढे डीआय रेझिनचं (आरओतून सुटलेले क्षार धरून ठेवणाऱ्या मण्यांचं) दहा इंची हाउसिंग, म्हणजे फिल्टरचा डबा, जोडलं. आता मे संपत आलाय, म्हणजे जळगावचा ४५ अंशांचा पारा अंगावर घेऊन लिहितोय.

आधीचं वर्ष शेवाळाशी मारामारीतच गेलं. तीन फुटी टाकी, जेमतेम दोनशे लिटर, दोन क्लाउन मासे आणि थोडे मऊ कोरल (प्रवाळ). दगडांवर हिरव्या केसांच्या जटा. टूथब्रशने घासल्या, टाकीवर गोधडी टाकून तीन दिवस अंधार केला, शेवाळ खाणाऱ्या टर्बो गोगलगायी आणल्या. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. धुळ्याची आत्या बघून म्हणाली, "तू मासा पायस (पाळतोस) का गवत?"

खोट वरून भरायच्या पाण्यात होती. समुद्रकाठच्या मित्रांचे सल्ले इथे अर्धेच लागतात. आपल्याकडची हवा कोरडी, त्यात पाणी थंड राहावं म्हणून टाकीवर दोन पंखे. उन्हाळ्यात रोज पाच-सहा लिटर उडून जातं. उडतं ते निव्वळ पाणी. शेवाळाला पोसणारं नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट मागेच राहतं आणि दुसऱ्या दिवशी भर घालताना त्यात आणखी पडतं. आमटी आटवत राहायची आणि वर पुन्हा खारट पाणीच ओतायचं, असला प्रकार.

मी आरओचं पाणी घालत होतो, तरी मीटरवर टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) ९०! पिण्याच्या आरओत चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो. तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. आमच्या बोअरचं कच्चं पाणी ६५०. हे मला रेझिनचं पहिलं भरण महिन्याभरात संपल्यावर कळलं. कंट्रोलर पूर्ण बंद केला, आरओ ३० वर आला, आणि पुढचं भरण तीन महिने पुरलं. (घरचे म्हणतात, पाणी मचूळ लागतं. लागो.)

लगेच फरक पडेल असं समजू नका. दगडांत मुरलेलं फॉस्फेट हळूहळू सुटत राहतं. नोव्हेंबरभर शेवाळ तसंच होतं, मी हातानेच उपटत होतो. डिसेंबरात ते फिकट, पिचकं झालं, संक्रांतीपर्यंत दगड दिसू लागले. नायट्रेट ४० वरून १० वर आलं.

एक तक्रार. मीटर शून्य दाखवतो म्हणून निर्धास्त राहू नका. रेझिन थकलं की सिलिका आधी निसटते आणि ती मीटरला नीट कळत नाही. मार्चमध्ये काचेवर सिलिकावर वाढणाऱ्या शेवाळाचा तपकिरी थर आला तेव्हाही आकडा शून्यच होता. भरण बदललं, थर दोन आठवड्यांत गेला. रेझिन इथे मिळत नाही, कुरिअरने मागवावं लागतं. म्हणून एक भरण कायम जास्तीचं ठेवतो.

पंपामागे एक झुपका अजून आहे, तो मुद्दामच ठेवलाय. गोगलगायींना आता खायला उरलं नाही, एक तर उपाशी मेली. बाकीच्यांसाठी नोरीची (वाळवलेल्या समुद्री शेवाळाची) पानं विकत आणतोय.