एमआयएम की इन्व्हेस्टमेंट कास्टिंग? २० ग्रॅमच्या लिव्हरचा हिशोब

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावात मशीनशॉप चालवणाऱ्या मित्रानं परवा खिशातून एक लिव्हर काढून माझ्या टेबलावर ठेवला. १७-४ पीएच स्टेनलेस, वजन २० ग्रॅम, लांबी ५० मिमी, एका टोकाला दीड मिमीचं भोक, पाठीवर बारीक दाते, मध्ये ११ मिमी जाडीचा बॉस, म्हणजे जाड उंचवटा. आजवर तो हा पार्ट व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, काढत आलाय. ९० ग्रॅमचा तुकडा चढवायचा आणि ७० ग्रॅम भंगारात. आता ऑर्डर वर्षाला ३० हजारांवर चाललीय. "इन्व्हेस्टमेंट कास्टिंगनं करू, का एमआयएमनं?" एमआयएम म्हणजे मेटल इंजेक्शन मोल्डिंग.

दोन्हीकडे सुरुवात डायमध्ये, म्हणजे साच्यात, माल दाबूनच होते, म्हणून लोक घोटाळा करतात. इन्व्हेस्टमेंटमध्ये नुसतं मेण दाबतात, त्या मेणावर सिरॅमिकचे थर चढवतात, मेण वितळवून काढतात आणि पोकळीत धातूचा रस ओततात. मेटल इंजेक्शन मोल्डिंगमध्ये धातूची पावडरच मेण-प्लास्टिकात मळलेली असते. कण साधारण २० मायक्रॉनच्या आतले, आकारमानानं ६० टक्क्यांच्या आसपास पावडर. प्लास्टिकच्या पार्टसारखं मोल्ड करायचं, ते मेण-प्लास्टिक, म्हणजे बाइंडर, काढायचं आणि १३०० अंशांच्या वर भट्टीत भाजायचं, म्हणजे सिंटर करायचं. रस होत नाही. कण एकमेकांना धरतात आणि पार्ट आटतो.

किती आटतो, हे ऐकून ओतकामाचे नमुने करणारे आपले पॅटर्नमेकर हसतात. त्यांना कास्ट आयर्नला एक टक्का, स्टीलला दोन टक्के धरायची सवय. इथं १५ ते २० टक्के! ५० मिमीच्या लिव्हरला डाय ५८-६० मिमीची लागते. मी पहिल्यांदा भट्टीआधीचा आणि नंतरचा पार्ट शेजारी ठेवला तेव्हा ते दोन वेगळ्या ड्रॉइंगचे वाटले. बाइंडर काढलेला पार्ट तर हातात घ्यायची भीती वाटते. कड बोटांत रांगोळीसारखी भुरभुरते.

एवढं आटूनही माप ०.३ ते ०.५ टक्क्यांत राहतं, म्हणजे ५० मिमीवर ०.१५ ते ०.२५ मिमी इकडंतिकडं. इन्व्हेस्टमेंटला याच्या दुप्पट धरून चला. दीड मिमीचं भोक तिथं कास्ट करण्याच्या नादी लागू नका, ड्रिलच मारावं लागेल. शिवाय गेट, म्हणजे रस आत शिरायची वाट, कापून घासायचं काम आहेच. एमआयएममध्ये भोक आणि दाते डायमधूनच येतात. पिन घट्ट बसायची असेल तर मात्र दोन्हीकडे भोक नेमक्या मापाचं करायला रीमर फिरवावाच लागतो.

मग इन्व्हेस्टमेंट घ्यायचं कधी? पार्ट १०० ग्रॅमच्या पुढं गेला, भिंती जाड असल्या, किंवा वर्षाला हजार-दोन हजारच नग लागत असले, तर डोळे झाकून. एमआयएमची पावडर सळईच्या कितीतरी पट महाग, आणि डायचा खर्च वसूल व्हायला वर्षाला दहा हजारांच्या पुढं नग हवेत, असा माझा ठोकताळा आहे. साधा बुश किंवा सपाट गिअर असेल तर दोन्ही सोडा, पावडर दाबून सिंटर करणारे स्वस्तात देतात. फक्त पंच वर-खालीच चालतो, आडवं भोक त्यात येत नाही.

दोन वेगळे पदार्थ एकत्र असलेल्या काँपोझिटचा विषय निघाला की ओतकामाचं नावच काढू नका. टंगस्टन-कॉपर घ्या. टंगस्टन वितळतं ३४२२ अंशांना आणि तांबं त्याच्या खूप आधी, २५६० च्या आसपास, उकळून उडून जातं. दोघांचा एकत्र रस करणार कसा? तिथं टंगस्टनचा सांगाडा भाजून त्यात तांबं मुरवतात. टंगस्टन कार्बाइड-कोबाल्टचंही ओतकाम होत नाही. सिंटर झाल्यावर ग्राइंडिंग नाहीतर ईडीएमशिवाय (विजेच्या ठिणग्यांनी कापण्याशिवाय) ते हलत नाही, म्हणून आकार वेडावाकडा असेल तर तो आधीच मोल्ड करून घेण्यात पैसे वाचतात.

एक ठेच माझी. एका पार्टची डाय १७-४ साठी केली होती. ग्राहक म्हणाला, गंज नको, ३१६ एल स्टेनलेस द्या. मी सप्लायरला तीच डाय वापरायला लावली. त्या मालाचं आटणं वेगळं, सगळी लॉट मापाबाहेर. डाय पुन्हा केली, माझ्या खर्चानं.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतले काही फौंड्रीवाले विचारतात, एमआयएमचा प्लँटच टाकू का? हायड्रोजन किंवा व्हॅक्यूमची भट्टी आणि बाइंडर काढायची यंत्रणा आली की तो धंदा ओतकामाचा राहत नाही. आधी जॉबवर्कवर दोन पार्ट करून बघा.

मित्राला एमआयएमच सांगितलं, पण ड्रॉइंग बदलून. ११ मिमीच्या बॉसमधून बाइंडर बाहेर यायला फार वेळ लागतो. घाई केली तर फोड येतात, चिरा जातात. बॉस खालून पोकळ करून भिंत ३ मिमीची ठेवायची. डायची ऑर्डर देण्याआधी सप्लायरला विचारायचं, की भट्टीत हा कुठल्या बाजूवर बसणार. सपाट बूड नसेल तर भाजताना पार्ट स्वतःच्याच वजनानं वाकतो, नाहीतर प्रत्येक नगाला सिरॅमिकचा वेगळा आधार करावा लागतो. पोकळ केलेल्या बॉसची कड आणि लिव्हरचं टोक एका पातळीत आणलं की बूड मिळतं. तोवर पहिले पाचशे नग व्हीएमसीवरच काढ म्हटलं, ग्राहक ड्रॉइंग पक्कं करेपर्यंत.